आमची बोर्डिंगची उमेदवारी

शाळा सोडून जाण्याची इच्छा शाळेच्याच वार्षिकांत बोलून दाखवावी, हें कित्येकांस कृतघ्नपणाचें वाटेल. परंतु संपादकांनीं 'अनुभवाचें कांहींतरी लिहा' असा आग्रह धरला, आणि आमच्या गांठीं सांगण्याजोगा अनुभव तर हाच एक. शिवाय आठवी-नववींतल्या मुलांच्या मनांत हा विचार हल्लीं पुष्कळ घोळतो असें ऐकतों. त्यांच्या आईबापांस यांतून कांहीं उपयोगी पडलें तर आनंदच आहे.

आमच्या घरांत 'बोर्डिंग' हा शब्द आणला तो आजोबांनीं. ते साताऱ्याकडचे. लहानपणीं ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत राहून शिकले. भाऊरावांनीं ही संस्था १९१९ सालीं कराडजवळच्या काले गांवीं स्थापिली, १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह काढलें, आणि पुढें १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहूंचें नांव मिळालें. आजोबा बोर्डिंगांत गेले तेव्हां प्रवेशपरीक्षा नांवाची वस्तु नव्हती. पणजोबांनीं ज्वारीचें पोतें खांद्यावर घेतलें, मुलाच्या हातीं वळकटी दिली, आणि दोघे चालत निघाले, एवढाच त्यांच्या प्रवेशाचा विधि. मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपलें मंगळसूत्र विकलें, ही गोष्ट सांगतांना आजोबांचा आवाज दरवेळीं घोगरा होई.

चौथींत असतांना आम्हांस मोठी कावीळ झाली. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पथ्य सांभाळणें आईस कठीण जाऊं लागलें, म्हणून आमची रवानगी गांवीं झाली, आणि तें वर्ष फुकट गेलें. वर्ग पुन्हां करावा लागला. फुकट गेलें असें सर्व म्हणत. आम्हांस तसें वाटत नसे. कारण त्याच मुक्कामांत आजोबांनीं आम्हांस साताऱ्याचें सैनिक स्कूल दाखविलें. २३ जून १९६१ रोजीं सुरू झालेली ही देशांतली पहिली सैनिकी शाळा. कुंपणाबाहेरून आम्हीं मुलांची कवायत पाहिली. आमच्याएवढींच मुलें, पण पाय एकदम पडत होते. आजोबा म्हणाले, "बघ, हें बी बोर्डिंगच. पन हितं पोत्याऐवजी पेपर द्यावा लागतो."

त्या दिवसापासून आमचा निश्चय झाला. परंतु निश्चय सांगावयास तोंड उघडलें तें सातवीनंतर. सैनिक स्कुलांत दोनच ठिकाणीं शिरतां येतें, सहावींत आणि नववींत. सहावीची परीक्षा मराठींतूनही देतां येते. नववीची इंग्रजींतूनच द्यावी लागते, आणि तींतील चारशें गुणांपैकीं दोनशें एकट्या गणिताचे असतात. सहावीचें दार मागें पडलें होतें. नववीच्या दारासाठीं वडिलांनीं जुन्या प्रश्नपत्रिका आणून दिल्या. ते औद्योगिक वसाहतींतल्या एका कारखान्यांत लेथवर काम करीत. रात्रपाळीहून आल्यावर डोळे चोळीत आमचीं उत्तरें तपाशीत. आठवी अर्धी झाली आणि अर्ज भरावयास आम्ही दोघे संगणकापुढें बसलों. जन्मतारीख घातली. २० मार्च २००६. अर्ज पुढें सरकेना.

नियम साधा होता. प्रवेशाच्या वर्षीं ३१ मार्च रोजीं उमेदवाराचें वय तेरा ते पंधरा वर्षांच्या आंत असावें. आम्हांस २०२१ च्या मार्चमध्यें पंधरा पुरीं होऊन अकरा दिवस लोटत होते. १ एप्रिलला जन्मलों असतों तर चाललें असतें. म्हणजे बारा दिवसांचा प्रश्न. नियमाचा दोष नाहीं, कोठेंतरी रेघ ओढावीच लागते. पण ती रेघ आपल्याच पावलापुढें ओढलेली पाहिली म्हणजे मनुष्य बराच वेळ तिच्याकडे पाहत राहतो. वडिलांनीं ती तारीख चारदां पुसून चारदां घातली. मग संगणक बंद करून ते नेहमींप्रमाणें कामावर गेले. आई मात्र त्या दिवशीं खुशींत होती, आणि तिनें तें लपविलें नाहीं.

उशीर झालेल्या मुलास दारें किती थोडीं असतात, हें आम्हांस त्यानंतरच्या शोधांत समजलें. डेहराडूनचें राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज १९२२ पासूनचें. पण तेथें आठवींत, साडेअकरा ते तेरा या वयांतच प्रवेश. नवोदय विद्यालयांचा आरंभ झज्जर आणि आपल्या अमरावतीपासून झाला. तेथें मूळ भरती सहावीची, नववी-अकरावींत रिकाम्या राहिलेल्या जागाच काय त्या भरतात. दहावीनंतर ज्यांचें दार मुळांतच उघडें आहे अशी आम्हांस सांपडलेली संस्था म्हणजे औरंगाबादेची, आतांच्या छत्रपति संभाजीनगरची, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था. राज्य सरकारनें ती १९७७ सालीं स्थापिली. अकरावी-बारावी तेथें राहून करावयाची आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेस बसावयाचें. येथें आमची जन्मतारीख बसली.

मध्यंतरीं आणखी एक प्रकार घडला, तो सांगून टाकतों. मुळशी तालुक्यांत पौडजवळच्या डोंगरावर १९९७ सालीं निघालेलें एक महाविद्यालय आहे, युनायटेड वर्ल्ड कॉलेजचें. कुर्ट हान नांवाच्या जर्मन शिक्षकाच्या कल्पनेवरून १९६२ सालीं वेल्समध्यें जी चळवळ सुरू झाली, तिची ही शाखा. देशोदेशींचीं सोळा-अठरा वर्षांचीं मुलें तेथें दोन वर्षें एकत्र राहतात, आणि गरज पाहून शिष्यवृत्तिही मिळते. आमच्या एका शिक्षकांनीं त्याचा अर्ज आमच्या हातीं दिला. त्यांत गुणांपेक्षां निबंधांचें महत्त्व अधिक. तुम्हीं काय केलें, तुमचें मत काय, तुम्ही कोण, असे प्रश्न. मराठींत दहा वर्षें निबंध लिहितांना आम्हीं नदीचें आणि फाटक्या पुस्तकाचें आत्मवृत्त लिहिलें होतें. स्वतःचें कधीं लिहिलें नव्हतें. घरांत तर स्वतःविषयीं चांगलें बोलणें म्हणजे उद्धटपणा. तीन आठवडे लिहिलें आणि खोडलें. शेवटीं मुदत टळून गेली. परीक्षेंत नापास होणें एक वेळ परवडलें, पण कोऱ्या कागदापुढें हरणें फार दिवस सलतें.

२०२३ च्या वसंतांत दहावीची परीक्षा झाली आणि लागलीच संस्थेची लेखी परीक्षा आम्हीं दिली. आम्ही दोघे होतों. आमचा एक वर्गमित्र, कल्याणचा, रोज सकाळीं आमच्याच गाडीनें ठाण्यास येणारा, तोही बसला होता. खरें सांगावयाचें तर त्यास हें वेड आमच्यामुळेंच लागलें. गणित आमचें बरें, त्याचें बेताचें. दोघांसही मुलाखतीचें बोलावणें आलें.

वडिलांनीं दोन दिवसांची बिनपगारी रजा काढली. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनें आम्ही गेलों. मुलाखत घेणारे गृहस्थ अनुभवी, आणि वागण्यांत फार सौम्य. पहिला प्रश्न आमच्या वयाचाच निघाला. त्यांतील एकांनीं हिशेब करून सांगितलें, "प्रबोधिनीचा वर्ग सुरू होतांना साडेएकोणीसच्या आंत असावें लागतें. बारावीच्या वर्षीं सप्टेंबरची एक परीक्षा तुम्हांस देतां येईल. एप्रिलची देतां येणार नाहीं. इतरांस दोन संधि, तुम्हांस एकच. चालेल?" आम्ही 'चालेल' म्हणालों. हें उत्तर आम्हीं घोकलेलें होतें, आणि तें खरेंही होतें.

मग त्यांनीं विचारलें, "रोज डोंबिवलीहून ठाण्यास जातां. खिडकींतून काय दिसतें?"

वाचकहो, सात वर्षें आम्ही त्या मार्गानें गेलों आलों. पण खिडकींतून काय दिसतें? आम्ही म्हणालों, "गर्दी, सर." ते हंसले. "गर्दी डब्यांत असते. बाहेर?" आम्ही पारसिकच्या बोगद्याचें नांव घेतलें. ते म्हणाले, "बोगद्यांत अंधार दिसतो." त्यानंतर दोनतीन प्रश्न झाले, पण आमचें चित्त त्या खिडकीपाशींच अडकलें होतें.

परत येतांना कळलें कीं मित्रासही हाच प्रश्न विचारला होता. त्यानें सांगितलें: धीमी गाडी मुंब्र्याहून निघाली कीं एका बाजूस डोंगर आणि त्यावर देवीचें देऊळ, दुसऱ्या बाजूस खाडी, ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यांत बगळे, भरतीला तिवरांचे फक्त शेंडे दिसतात. तो नेहमीं दारांत उभा राही, म्हणून आम्ही त्यास किती वेळां बोललों होतों. आम्ही आंत, मांडीवर गणिताचें पुस्तक घेऊन बसत असूं. (दारांत उभें राहणें धोक्याचें आहे, हें लहान वाचकांनीं विसरूं नये.) त्या एका उत्तरानें तो निवडला गेला आणि आम्ही राहिलों असें आम्ही म्हणत नाहीं, निवडणारांनीं आणखी पुष्कळ पाहिलें असेल. पण त्या गोष्टींत आमच्यापेक्षां त्याचें जगणें अधिक जागें होतें, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे.

यादी लागली. तिच्यांत त्याचें नांव होतें, आमचें प्रतीक्षायादींत. प्रतीक्षायादी ही फार विचित्र जागा आहे. मनुष्य घरांतही नसतो आणि बाहेरही नसतो. आईनें नवीन चादर, कुलूप, दोन जोड बनियन घेऊन ठेवले होते. ते कपाटांत वरच्या खणांत गेले. डोंबिवलीच्या महाविद्यालयांत अकरावीचें शुल्क भरावें कीं थांबावें, यावर घरांत कोणी बोलेना. फोन वाजला कीं वडील आधीं आमच्याकडे पाहत, मग फोनकडे. मुदतीच्या शेवटच्या दिवशीं त्यांनीं आपणहून शुल्क भरलें आणि पावती आमच्या हातीं दिली. बोलावणें आलें नाहीं.

गांवाहून आजोबांचा फोन आला. आम्हांस वाटलें, समजूत घालतील. ते म्हणाले, "आमच्या बोर्डिंगात येवढी मानसं मागं फिरली नसती रं." एवढें बोलून त्यांनीं पावसाचें विचारलें.

मित्र गेला त्या सकाळीं आम्ही कल्याण स्टेशनावर गेलों होतों. तपोवन एक्सप्रेस यावयाची होती. त्याच्या आईनें पोळ्यांचा डबा एवढा मोठा दिला होता कीं तो ट्रंकेंत बसेना. आम्हीं तो धरून ठेवला. आम्हांस वाईट वाटत होतें, आणि तें त्यास दिसूं नये म्हणून आम्ही फार बडबड करीत होतों. गाडी सुटतांना तो दारांत उभा राहूं लागला, तेव्हां त्याच्या वडिलांनीं दंड धरून त्यास आंत ओढलें. परतीस आम्हीं जलद गाडी सोडून दिली आणि धीम्या गाडीनें थेट ठाण्यापर्यंत जाऊन आलों. मुंब्र्यापाशीं भरती होती.

आज आम्ही डोंबिवलींतच पदवीचा अभ्यास करतों. आमच्या वाट्याची ती एक संधि बारावींत, कोणत्याही संस्थेविना घरींच अभ्यास करून, आम्हीं घेतली, लेखींतच राहिलों. असो.

आमची धाकटी बहीण याच शाळेंत शिकते. मुलींसाठीं प्रबोधिनीचें दार उघडलें, पहिली तुकडी २०२२ सालीं दाखल झाली, आणि नाशकास मुलींसाठीं तशीच सेवापूर्व संस्थाही २०२३ पासून निघाली आहे. तिला जावयाचें आहे. या वेळीं आई विरोध करील असें आम्हांस वाटलें होतें. परवां बहिणीनें संस्थेचे नियम उतरवून आणले, तर आईनें हातांतलें काम बाजूस ठेवलें, कपाटांतून जन्माचा दाखला काढला, आणि तारीख वडिलांकडून तीनदां वाचून घेतली. वरच्या खणांतली चादर तिनें उन्हांत घातली आहे.