धंदा कोणता?

इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. हिपॉक्रेटिसच्या परंपरेत रोग्यास विचारावयाचे जे प्रश्न ठरलेले होते, त्यांत त्याने एकाची भर घातली : तुझा धंदा कोणता? इतका साधा प्रश्न वैद्यांना सुचावयास इतकी शतके लागावी, याचे आम्हांस प्रथम हसू आले. मग आमच्या मामांची आठवण झाली आणि ते हसू जागीच विरले.

मामा लालबागेत राहत आणि एका गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करीत. दिवाळीच्या सुटीत आम्ही त्यांच्या चाळीत जात असू. आठवड्याची सुटी संपून मामा कामावर गेले, की त्या दिवशी संध्याकाळी ते छातीवर हात दाबून खाटेवर बसत. जेवणही नको म्हणत. एकदोन दिवसांत हे सारे आपोआप ओसरे. "दादाला सुटी मानवत नाही," असे आई थट्टेने म्हणे. वडिलांच्या मते तो सुटीचा आळस होता. आम्ही पोरेही हसत असू. डॉक्टरांनी बिडीला बोल लावला, आणि मामा बिडी ओढीत हे खरेच होते. दिवसभर कोठे, कसल्या हवेत उभे असता, हे मात्र कोणीच विचारले नाही. पुढे दम कायमचा जडला. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. दम काही सुटला नाही.

फार उशिरा आमच्या वाचनात आले, की सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळून येणे हे कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाचे आरंभीचे ठळक लक्षण आहे. ताग-अंबाडीसारखे धागे पिंजणाऱ्यांचा खोकला तर रामाझ्झिनीनेही नोंदविला होता. आम्ही ज्याला आळस म्हणत होतो, तो रोग होता!

मरणापुढे सर्व सारखे, हे कीर्तनात ऐकावयास बरे वाटते. इंग्लंडात चॅडविकने १८४२ साली जो अहवाल काढला, त्यात मँचेस्टरच्या प्रतिष्ठित वर्गाचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३८ आणि मजुरांचे १७ दिलेले आहे. (बालमृत्यू धरल्यामुळे आकडे इतके खाली येतात.) रटलंड परगण्यातील मजुरांचे सरासरी वयही ३८ च होते, म्हणजे गिरण्यांच्या शहरातील श्रीमंतीने माणसाला खेड्यातील मजुराइतकेच आयुष्य मिळवून दिले! बरे, ही केवळ उपासमारीची गोष्ट म्हणावी, तर १९६७ पासून लंडनच्या सरकारी नोकरांची पाहणी झाली, तीत सर्वांत खालच्या पायरीवरील पुरुषांचे मृत्यूप्रमाण सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. त्यांत उपाशी कोणीच नव्हता. धूम्रपानाचा हिशेब वजा केला, तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. हे वाचताना मामांच्या बिडीविषयी आमचा बराचसा राग गेला. स्वतःविषयीचा गेला नाही.

मामा १९८५ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. आज आम्ही त्यांच्याहून वयाने मोठे आहोत. मृत्यूची नोंद करावयाच्या कागदावर धंद्याचा रकाना होता. तो कागद वडिलांनी भरला. गिरणी सुटून तीन वर्षे झाली होती, म्हणून त्यांनी त्या रकान्यात लिहिले : काही नाही.