खुंटी नसलेली खोली

माणसाची खरी परीक्षा प्रवासात होते, असे म्हणतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. प्रवासात माणूस कसाबसा उत्तीर्ण होतो. नापास होतो तो मुक्कामाला पोचल्यावर, हॉटेलच्या खोलीत, आणि तोही दिवा लावण्यासारख्या बिगरीतल्या विषयात!

मी कॉलेजात मराठी शिकवतो. या धंद्यात पैसा बेताचा असला तरी प्रवास पुष्कळ. कधी तोंडी परीक्षा, कधी चर्चासत्र, कधी कुठल्या गावची व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे ही प्रथा गावोगाव पसरली. त्यामुळे माझ्यासारख्याला वर्षातून आठ-दहा वेळा शाल, श्रीफळ आणि एका रात्रीचे हॉटेल मिळते. शाली आमच्या सौ. वाटून टाकतात, श्रीफळाची चटणी होते. हॉटेलचे मात्र काय करावे ते मला अजून उमगलेले नाही.

गेल्या माघात सोलापूरला जायचे होते. विषय होता मराठी प्रवासवर्णने. आई म्हणाली, "अरे, सोलापूरपर्यंत जातोच आहेस, तर मलाही ने. येताना पंढरपूर करू." आईचे वय चौऱ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, पण विठोबाचे नाव निघाले की ती त्यांचे काही चालू देत नाही. आम्ही कल्याणला रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली आणि सकाळी उजाडता उजाडता सोलापुरात उतरलो.

पहिली ठेच तिथेच लागली. गाडी पोचते सकाळी; खोली मिळते दुपारी बाराला. पूर्वी आपल्याकडच्या साध्या लॉजमध्ये 'चोवीस तास' असा सरळ हिशोब असे. सकाळी सातला आलात, तर दुसऱ्या दिवशी सातला जा. आता सगळ्या पाहुण्यांचा दिवस बाराच्या ठोक्याला सुरू होतो. हॉटेलवाल्यांचीही बाजू आहे. पलंगपोस बदलायचे, झाडलोट करायची, त्याला ठरावीक वेळ हवीच. पण महाराष्ट्रातल्या निम्म्या गाड्या माणसाला पहाटे आणून सोडतात, हे त्या घड्याळाला कोणी सांगितलेले दिसत नाही. आई स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बसली. सोफा इतका खोल आणि इतका बुटका, की साडेनऊला आमच्यावर दया येऊन खोलीची किल्ली मिळाली, तेव्हा तिला उठवायला मी आणि सामान नेणारा मुलगा असे दोघे लागलो.

किल्ली म्हणजे किल्ली नव्हेच, एक पत्ता. नॉर्वेच्या टोर सोर्नेस यांनी १९७० च्या दशकात भोके पाडलेल्या कार्डाने उघडणारे कुलूप तयार केले आणि हॉटेलांच्या जड पितळी किल्ल्यांचे दिवस भरले. पाहुण्यागणिक कुलूप बदलता येते, हरवलेली किल्ली चोराच्या उपयोगी पडत नाही. शोध खरोखर नामी आहे. पण आपल्याकडे त्या कार्डावर आणखी एक जबाबदारी टाकली आहे. ते दाराजवळच्या खाचेत खुपसल्याशिवाय खोलीत वीज येत नाही आणि काढले की सगळे बंद पडते. विजेची बचत होते, हे मला पटते. पण ती खाच शोधायची ती अंधारात! पुन्हा, फोन चार्जिंगला लावून खाली जेवायला जावे, तर परत येईपर्यंत फोनही उपाशीच.

खोली पाहताच मात्र मी खूष झालो. फोटोत दिसली होती अगदी तश्शी. पांढरीशुभ्र गादी, तिच्या पायथ्याशी किरमिजी पट्टा, भिंतीवर काचेची चौकट, छतात लपवलेले दिवे. पाच मिनिटांनी लक्षात आले, की फोटोत दिसते तेवढेच तिथे आहे. अंगरखा काढला, तर अडकवायला खुंटी नाही. टॉवेल आहे, पण वाळत टाकायला दांडी नाही. चहाची किटली आहे, पण तिची वायर इतकी आखूड की ती जमिनीवर ठेवून तिच्यासमोर मांडी घालून बसावे लागते. टेबल आहे, त्याच्यावर फळांचे चित्र आणि टीव्ही यांनी कब्जा केलेला. तपासायच्या उत्तरपत्रिका मी बरोबर घेतल्या होत्या. पण त्या मंद सोनेरी उजेडात सगळ्याच विद्यार्थ्यांचे अक्षर सारखे वाईट दिसू लागले, तेव्हा केवळ न्यायबुद्धीने मी गठ्ठा बांधून ठेवला. आणि गंमत म्हणजे, ज्या गावची चादर साऱ्या देशात पांघरली जाते, त्या सोलापुरात आमच्या पलंगावर चादर नव्हती. होती एक फुगीर पांढरी रजई. ती गादीखाली अशी दडपून ठेवलेली, की माणसाने पाकिटात पत्र सरकावे तसे स्वतःला आत सरकवायचे.

न्हाणीघराची कथा आणखी वेगळी. पॅरिसमध्ये १८९८ साली सेझार रिट्झ यांनी हॉटेल उघडले, तेव्हा खोलीला जोडून न्हाणीघर ही गावभर बोलण्याची चैन होती. आज ती गरज झाली आणि बरेच झाले. परंतु आता या न्हाणीघरांच्या भिंती काचेच्या करायची टूम निघाली आहे. काचेमुळे लहान खोली मोठी भासते, आत उजेड जातो, फोटोही चांगला येतो. आमच्या खोलीतली काच धुरकट होती, एवढीच तिची मर्यादाशीलता. आईने ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, "अरे, ही न्हाणी आहे की दुकानाची शोकेस?"

तिची आंघोळ होईपर्यंत मी खाली जाऊन त्याच खोल सोफ्यात बसून वर्तमानपत्र वाचले. वर आलो तर ती कुडकुडत होती. आत बादली नव्हती, तांब्या नव्हता. भिंतीला एकच चकचकीत दांडा. तो कुठे वळवला की गरम आणि कुठे वळवला की गार, याची खूण घासून गेलेली. शिवाय तो फवाऱ्याच्या बरोबर खाली, म्हणजे प्रयोग करायचा तो स्वतःवरच. तिने गार पाण्यावर भागवले होते. "असू दे रे, माघ संपत आला," म्हणाली. वापरलेले पाणी मोरीकडे न जाता दाराकडे चालले होते. उतार उलटा पडला होता. मी टॉवेलाचा बांध घातला.

संध्याकाळी व्याख्यान चांगले झाले. १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेला गेलेल्या विष्णुभट गोडशांविषयी मी पाऊण तास बोललो. त्यांना बंडाचा त्रास झाला, लुटारूंचा झाला. पण स्विचबोर्डाचा झाला नाही, असे म्हटल्यावर श्रोते मनापासून हसले. त्यांतले बरेचजण माझ्यासारखेच अंधारात चाचपडलेले असावेत.

त्या रात्री मात्र मला हसता आले नाही. पलंगाच्या माझ्या बाजूला सहा बटणांची एक पट्टी होती. त्यांतल्या एकाने सगळे दिवे गेले, म्हणून मी झोपलो. आईच्या बाजूला एकही बटण नव्हते. चारच्या सुमारास मला जाग आली. एसीच्या निळ्या ठिपक्याच्या उजेडात पाहतो तो आई पलंगाच्या कडेवर, पाय खाली सोडून, ताठ बसलेली.

"आई, काय झालं गं?"

"काही नाही रे. उजाडायची वाट बघतेय."

दोन वाजता तिला न्हाणीघरात जायचे होते. बटण सापडेना. भिंतीच्या कडेने दोन पावले टाकली, तर काचेवर कपाळ आपटले. दाराशी चार बोटांची पायरी आहे, हे तिने दिवसा पाहिले होते. ती नेमकी कुठे, ते अंधारात आठवेना. पडले तर याची सगळी गाडी अडेल, या धास्तीने ती परत येऊन बसली आणि दोन तास तशीच बसून राहिली.

"अगं, मग मला हाक मारायची!"

"दिवसभर बोलून दमलेला होतास. आणि सगळे दिवे एकदम लागतात ते."

मी उठून दिवे लावले. खरोखरच आठच्या आठ एकदम लागले. आईने डोळ्यांवर हात धरला.

आई घरी पहाटे पाचला उठून अंधारात दूध तापवते. तिला कोणाचा हात लागत नाही. त्या देखण्या खोलीने तिला एका रात्रीत परावलंबी करून टाकले होते. तोवर खुंट्या आणि बटणे हा माझ्या लेखी विनोदाचा विषय होता. त्या रात्री त्यातला विनोद संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंढरपूरला पोचलो. तिथे यात्रेकरूंना खोल्या देणारी जुनी घरे आहेत. आई लग्नानंतर पहिल्यांदा आली होती ती अशाच एका वाड्यात उतरली होती, म्हणून आम्हीही तसाच एक शोधला. त्या वाड्याचे गुणगान गाण्याचा माझा विचार नाही. डास होते. संडास चौकाच्या पलीकडे. पलंग करकरत होता. पण दारातून आत शिरताच उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर भिंतीत कोनाडा होता आणि त्याच्या शेजारी ओळीने चार लाकडी खुंट्या. मी न बघता पिशवी अडकवली. माझा हात आपोआपच तिथे गेला होता. कारण ज्याने ती ठोकली त्याचा हातही दमूनभागून आत आल्यावर तिथेच जात असणार.

वाड्यातल्या काकू आईला म्हणाल्या, "आजी, बॅटरी कोनाड्यात ठेवली आहे हं. चौकातला दिवा मी रात्रभर चालू ठेवते. बादली भरलेली आहे, गरम पाणी पाचला."

त्या रात्री आई दोनदा उठून चौक ओलांडून आली. मला सकाळी कळले.

पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या. अंगावर चिंध्या पांघरणाऱ्या त्या माणसाने स्वतःसाठी घर बांधले नाही, पण दमलेल्या माणसाला टेकायला काय लागते ते त्यांना पक्के ठाऊक होते. ते स्वतः जन्मभर दुसऱ्याच्या ओसरीवर निजले होते. आजच्या हॉटेलांची खोली आखणारा माणूस वाईट नसतो. त्याला फक्त ती खोली विकत घेणारा डोळा दिसतो. त्या खोलीत रात्री दोनला उठणारे गुडघे दिसत नाहीत.

हल्ली माझ्या बॅगेत वीतभर जागा राखून ठेवलेली असते. तिच्यात एक बॅटरी, सुतळीचे भेंडोळे, प्लॅस्टिकचा तांब्या आणि दारावर अडकवायचे दोन आकडे असतात. सौ. म्हणतात, "तुम्ही हॉटेलात उतरता की जंगलात?" माझ्या वडिलांच्या होल्डॉलमध्ये फिरकीचा तांब्या असे, त्याला आम्ही भावंडे हसत होतो. आता त्यांचे म्हणणे कळते.

सोलापूर सोडताना हॉटेलच्या मुलाने एक छापील कागद पुढे केला होता. सेवा कशी वाटली, न्याहारी कशी वाटली, पाचपैकी किती तारे. खाली दोन ओळी मोकळ्या होत्या : 'आणखी काही सूचना'. मराठीच्या प्राध्यापकाला मोकळ्या ओळी दिसल्या की राहवत नाही. मी लिहिले, "मालकांनी एक रात्र या खोलीत स्वतः राहून पाहावे. येताना आईला बरोबर आणावे."

मुलाने ते वाचले. जरा वेळ तो काही बोलला नाही. मग आईची पिशवी उचलून तिला हात देत म्हणाला, "आजी, सावकाश. इथे पायरी आहे."