कुणाचं गं?

आमच्या घरात बाईला नुसतं बसायची सोय नव्हती. कुणी मनाई केली होती असं नाही. पण आई, मावश्या, शेजारच्या काकू, यांपैकी कुणी हात मोकळे ठेवून बसलेली मला आठवत नाही. टीव्ही बघायचा तर ताटलीत सोलायला लसूण हवा, गप्पा मारायच्या तर पुढ्यात मेथीची जुडी. निवडायला-सोलायला काही उरलं नाही की मग लोकरीची पिशवी निघे. विणकाम हा माझ्या आईचा बसण्याचा परवाना होता. सुया हातात असल्या की तिला कुणी उठवत नसे. ‘एवढी ओळ होऊ दे’ म्हटलं की आजोबासुद्धा चहासाठी थांबत. ती ओळ किती लांब आहे, हे तिच्याखेरीज कुणाला कळणार?

खरं तर डोंबिवलीत स्वेटर लागतो कशाला! थंडी म्हणून जी काय पडते ती पहाटेची, आणि तीही डिसेंबर-जानेवारीत कधीमधी. तरी दर वर्षी घरात स्वेटर व्हायचाच, बहुतेकदा आदल्या वर्षीचा उसवून. उसवलेल्या लोकरीच्या वळ्या जाव्यात म्हणून आई लडी करून ती धुवायची, दोरीवर वाळवायची आणि मग मला समोर बसवून माझ्या दोन्ही हातांत ती लडी अडकवून गुंडा करायची. माझे दंड भरून यायचे. हात खाली आला की ओरडा. माझ्या तिसरीतल्या निळ्या स्वेटरची लोकर पुढे भावाच्या बाह्यांत गेली आणि तिथून बाबांच्या मफलरच्या पट्ट्यांत.

आईचं बरंचसं विणकाम लोकलमध्ये झालं. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर टोकाला टेकणारी चौथी सीट ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना कळेल की तिथे कोपर हलवायलाही जागा नसते. त्या जागेत ती बाबांचा व्ही गळ्याचा स्वेटर विणायची. एक सुलट, एक उलट, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. मुंब्र्याच्या बोगद्यात दिवे गेले तरी सुया चालू. समोरची बाई मटार सोलता सोलता हमखास विचारायची, “कुणाचं गं?”

या प्रश्नाला उत्तर लागायचंच. नणंदेच्या बाळाचं, पुतणीचं, साहेबांच्या नातवाचं. कुणाचंच नाही, असं विणकाम माझ्या पाहण्यात नव्हतं. मी शिकले तेही एका मैत्रिणीच्या बाळंतविड्यासाठी. टोपडं, मोजे, झबलं, शाल: सगळं पिवळ्या रंगात, कारण मुलगा की मुलगी ते ठाऊक नव्हतं. पुढे माझ्या लेकीचा बाळंतविडा आईने विणून पाठवला तेव्हा आम्ही इंग्लंडात, लीड्सला येऊन थोडेच महिने झाले होते. पार्सलमध्ये दहा नंबरच्या आणि बॉर्डरसाठी बाराच्या सुयाही होत्या. ‘तिकडे मिळतील न मिळतील’, असं चिठ्ठीत लिहिलेलं. लोकरीच्या मुलखात तिने सुया पाठवल्या याचं तेव्हा हसू आलं होतं. नंतर कळलं की तिचं फारसं चुकलं नव्हतं. इथे दुकानात सुयांवर मिलिमीटर छापलेले असतात. ते जुने नंबर इथल्या म्हाताऱ्यांच्या डब्यांत तेवढे उरले आहेत. साहेब गेला, त्याच्या सुयांचे नंबर मात्र डोंबिवलीने सांभाळले.

मागच्या सप्टेंबरात यार्नडेलला जायचं ठरवलं. लीड्सच्या वायव्येला स्किप्टन म्हणून छोटं बाजारगाव आहे, तिथे 2013 पासून सप्टेंबरअखेर लोकरीचा हा उत्सव भरतो. नवरा म्हणाला, “एकटीच कशाला? मी गाडीने सोडतो, बाहेर थांबतो.” बाहेर थांबलेला नवरा म्हणजे काय, हे साडीच्या दुकानात गेलेल्या कुठल्याही बाईला विचारावं. मी आगगाडीचं जाऊन-येऊन तिकीट काढलं.

लीड्स ते स्किप्टन पाऊण तासाचा रस्ता, आणि तो सगळा लोकरीच्या इतिहासातून जातो. शिपली सुटलं की सॉल्टेअर. टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने इथे 1853 मध्ये प्रचंड गिरणी उघडली, आणि कामगारांसाठी आखीव घरं, शाळा, दवाखाना असं अख्खं गावच वसवलं. पैसा आला होता तो अल्पाकातून. दक्षिण अमेरिकेतल्या या लांब, चकाकत्या लोकरीला इथे कुणी फारसा हात लावत नव्हतं. सॉल्टने तिचं चांगलं कापड काढून दाखवलं. गिरणी 1986 मध्ये बंद पडली. आता तिथे चित्रं लावतात, पुस्तकं आणि कॉफी विकतात, आणि 2001 पासून हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. रूळ गिरणीला इतके खेटून आहेत की खिडक्या मोजाव्यात. मला लालबाग-परळ आठवलं. तिथेही गिरण्या गेल्या, पण मागे राहिलेल्यांच्या नशिबी वारसा नव्हे, टॉवर आले.

उत्सव भरतो जनावरांच्या लिलावाच्या बाजारात. एरवी जिथे मेंढ्या कोंडून बोली लावतात, त्याच लोखंडी कठड्यांच्या खणांत त्या दिवशी दुकानं असतात. गजांवर लड्या लटकलेल्या, खाली सिमेंटची जमीन. अत्तर लावून आलेल्या बायका आणि हवेत लोकरीचा तेलकट, मेंढीचा वास. बाहेरच्या बाजूला खऱ्या मेंढ्याही होत्या. वेन्सलीडेल, कपाळावर लांब झिपऱ्या असलेली. ब्लूफेस्ड लेस्टर, जिची लोकर मऊ आणि चमकदार. आणि काळ्या तोंडाची, शिंगांची, नाकाशी पांढरी स्वेलडेल, या डोंगरांवरची खरी रहिवासी. तिच्या लोकरीत हात घातला आणि बोटांना आजोबांची घोंगडी लागली. तीच खरखर. चिंचोक्याची खळ लावलेली ती काळी घोंगडी पावसात भिजली की घरभर जो वास सुटायचा, त्याच्या शेजारचाच हा वास.

मेंढीजवळ उभ्या असलेल्या शेतकरीणबाईंना मी लोकरीचा भाव विचारला. त्या हसल्या. म्हणाल्या, मेंढी कातरायला जेवढे देते तेवढेही लोकरीचे येत नाहीत. कातरायची ती मेंढीसाठी, तिला उन्हाळा सोसत नाही म्हणून. माण-सांगोल्याकडचे धनगर याहून वेगळं काय सांगतील? दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर घोंगडीला चालायची. घोंगडीचं गिऱ्हाईक आटलं तशी ती बांधावर पडू लागली. दोन मुलखांतल्या मेंढपाळांचं दुखणं एक आणि त्यांना एकमेकांची खबर नाही. पलीकडच्याच खणात हाताने रंगवलेली शंभर ग्रॅमची लडी अठरा पौंडांना होती. शंभराने गुणायची खोड इतक्या वर्षांनी गेलेली नाही. मी गुणलं आणि लडी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. गर्द जांभळा, मधूनच गंजाचा तांबूस, इरकलीच्या काठापदरात असतो तो मेळ.

दुकानातल्या मुलीने पैसे घेता घेता विचारलं, “याचं काय करणार?” मी क्षणभर गप्प. काय करणार, हे मला कुणी विचारलंच नव्हतं कधी. कुणाचं, हे ठरलं की काय ते आपोआप ठरायचं. बाळ म्हटलं की टोपडं, सासरे म्हटलं की मफलर. “अजून ठरलं नाही,” मी म्हटलं. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. म्हणाली, कपाटात ठेव, तीच सांगेल. माझ्या आईने हे ऐकलं असतं तर दोघींना कामाला लावलं असतं.

मधे मी एका बाकावर बसले. कॉफी होती, सुया नव्हत्या. अवतीभवती बायका विणत होत्या, उभ्या उभ्यासुद्धा. दहा मिनिटांतच माझी बोटं पिशवीच्या बंदाला पीळ घालायला लागली.

परतीच्या गाडीत समोर साठीची एक बाई, तशाच फुगलेल्या पिशव्या घेऊन. ओळख करून घ्यायची गरजच पडली नाही. बिंगलीपर्यंत आम्ही एकमेकींच्या लड्या गालाला लावून बघितल्या होत्या. सुया कुठल्या वापरतेस, असं तिने विचारलं. दहा नंबर, मी म्हटलं, तर तिला आनंदच झाला. तिच्या आईच्याही दहाच होत्या. मग ती लड्या परत भरू लागली. आधी लोकर तळाशी, तिच्यावर स्वेटशर्ट आणि सगळ्यांत वर केकचं खोकं. “घरी विचारलं तर सांगते, केक आणायला गेले होते,” ती म्हणाली. “नाही तर म्हणतील, आधीची कपाटभर पडलीय, ती कुणासाठी?”

शिपलीला ती उतरली. लीड्स यायच्या आधी मीही जांभळी लडी तळाशी घातली आणि वर पाव ठेवला. लेक विद्यापीठात, नवरा रात्री उशिरा येणार. घरी विचारणारं कुणी नव्हतं, तरीही.