मोहाच्या सावलीतलं सालेकसा

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया सोडते, आमगाव मागं टाकते आणि मग डोंगर हळूहळू रुळांजवळ यायला लागतात. तिथंच आमचं सालेकसा. पुढचं स्टेशन दरेकसा, त्यापुढं बोगदा आणि छत्तीसगड. बहुतेक जलद गाड्या इथं थांबत नाहीत. त्यामुळं बालमित्रांनो, तुमच्यापैकी कुणी आमचं गाव पाहिलं असेल, तर ते खिडकीतूनच!

मी १९७८ साली सून म्हणून इथं आले. तेव्हा घरं कवेलूची, अंगणं शेणानं सारवलेली. जिल्ह्याचं काम निघालं की थेट भंडाऱ्याला जावं लागे. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. आता स्लॅबची घरं आहेत, मोबाइलची दुकानं आहेत, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. रेल्वेच्या तिसऱ्या लाइनपाठोपाठ गोंदिया–डोंगरगड या ८४ किलोमीटरच्या चौथ्या लाइनलाही २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. दरेकसाजवळच्या हाजरा धबधब्यावर पूर्वी गुराखीच दिसायचे. आता पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी गाड्या लावायला जागा मिळत नाही. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेकडे गोंड बांधवांची रीघ लागते. कितीतरी राज्यांतून लोक येतात.

पण गाव किती बदललं हे मला विचाराल, तर मी तुम्हाला मोहाच्या झाडाखाली नेईन. नाशिकला जशी द्राक्षं, तसा आमच्याकडे मोह.

मार्च संपत आला की झाडाची पानं गळतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात. फूल रात्री उमलतं आणि पहाटेपासून टप् टप् खाली पडतं. पिवळसर, रसानं भरलेलं, बोराएवढं. वास असा की झोपेतही कळावा! अस्वलालाही तो कळतो बरं का. म्हणून एकट्यादुकट्यानं जायचं नाही. बाया-पोरं टोपल्या घेऊन घोळक्यानं जायची, मोठ्यानं बोलत. फुलं अंगणात तीन-चार दिवस वाळवली की मनुकांसारखी तांबूस होतात. त्यांचे तिळासोबत लाडू करा, भाकरीच्या पिठात घाला किंवा बाजारात विका. पूर्वी बाजारात मोह देऊन मीठ घेणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. पुढं फळं येतात, त्यांच्या बियांचं तेल निघतं.

मोहाचं नाव काढलं की मोठी माणसं गालात हसतात. का, ते तुम्हालाही ठाऊक असेल. याच फुलांची दारू निघते. त्या दारूनं मोडलेले संसार मी शेजारी राहून पाहिलेत, तेव्हा तिचं कौतुक माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. पण शिक्षा झाली ती फुलांनाही. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८९२ मध्ये मोहफुलांवरच कायदा केला. स्वातंत्र्यानंतरही दारूबंदीच्या कायद्यात ती अडकलीच. फुलं वेचून साठवायची नि न्यायची बंधनं महाराष्ट्र सरकारनं उठवली ती २०२१ मध्ये.

चांगलं झालं. पण वेचायला झाडं राहतील का?

आमच्याकडे धानाच्या बांध्या लहान लहान असतात आणि मोह उभे असतात त्यांच्या धुऱ्यावर. ट्रॅक्टर, हार्वेस्टर आले तशा बांध्या मोठ्या करायला लागल्या. धुरा गेला की झाडही जातं. फुलं नीट दिसावीत म्हणून काही जण खालचा पालापाचोळा पेटवतात. त्यात उगवलेली रोपं जळतात, कधी जंगलालाही आग लागते. उरलेलं शेळ्या खातात. म्हणून पाहा, गावाभोवती मोह दिसतील ते सगळे म्हातारेच. पोरसवदा झाड एकही नाही! आता काही बाया पाला झाडून घेतात, काही झाडाखाली जुन्या साड्या अंथरतात. ते मला पटतं.

आमच्या धुऱ्यावर दोन मोह आहेत. मुलगा म्हणतो, "आई, एक तरी काढू दे, हार्वेस्टर वळत नाही." त्याचंही खोटं नाही. मजूर मिळत नाहीत आणि धान वेळेत घरी आला पाहिजे. दोन वर्षं आमचा वाद चालू आहे. शेवटी मी म्हटलं, आधी नवी झाडं उभी राहू दे.

मोहाचं बी फार दिवस टिकत नाही. फळ पिकलं की ताजंच लावावं लागतं. गेल्या पावसाळ्यात नातीनं नि मी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून अकरा बिया लावल्या. सात उगवल्या. दोन शेळीनं खाल्ल्या. राहिलेल्या पाचांना बोरीच्या काट्यांचं कुंपण केलंय. मोहाला पहिलं फूल यायला दहाएक वर्षं तरी लागतात. नात आता सातवीत आहे. तिनं वहीत प्रत्येक रोपाची उंची लिहून ठेवलीय, आणि मुलानं अजून कुऱ्हाड काढलेली नाही.