खारेपाटाची खोड

मुंबईहून अलिबागला निघालेली मंडळी वडखळला चहा घेतात, पोयनाडला डुलकी काढतात आणि समुद्राचा वास आला की जागी होतात. मधल्या पट्ट्यात ज्याच्या अंगावरून ती गेलेली असतात, त्या गृहस्थाशी त्यांची ओळख होतच नाही. नाव खारेपाट. मुक्काम धरमतरच्या खाडीच्या दोन्ही अंगांना, तालुके पेण आणि अलिबाग. अंगानं सपाट, रंगानं मातकट. फोटो काढावा असं त्याच्यात काही नाही, आणि कुणी काढला नाही म्हणून तो खट्टूही होत नाही. त्याचं भांडण एकट्या समुद्राशी. तेही पुनवेला नि अवसेला न चुकता.

भांडणाचं मूळ जन्मातच आहे. आंबा नदी घाटातून उतरते, जांभूळपाडा, नागोठणं करत रेवसपाशी मुंबई बंदरात शिरते. वाटेत भरती तिला अडवते. अडली की ती आणलेला गाळ तिथंच टाकते. गाळावर तिवरं आली, तिवरांनी आणखी गाळ धरला आणि मग माणसांनी चिखलाचा बांध घालून एवढी जागा समुद्राकडून काढून घेतली. समुद्रानं काही ती लिहून दिलेली नाही. उधाणाचं पाणी आजही शेतापेक्षा वर चढतं. दोघांच्या मध्ये उभा असतो बाहेरकाठा. म्हणजे पुन्हा चिखलच.

या बांधात जागोजागी उघाडी असते. खारेपाटाची अक्कल बघायची तर तिथं उकिडवं बसून बघा. खाडीच्या बाजूला वरून टांगलेली एक झडप, बस्स. भरती चढली की समुद्र स्वतःच तिला ढकलून बंद करतो. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला लोटून बाहेर पळतं. शत्रूलाच दारवान नेमायचं आणि पगार द्यायचा नाही, हा कावा कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून आलेला नाही.

एवढ्या समुद्राला न बिचकणारा हा माणूस बिचकतो कुणाला, तर खेकड्याला. बांधात खेकड्यानं बीळ केलं की त्यातून आधी बोटभर पाणी येतं, मग हातभर, आणि उधाणाच्या रात्री बांधाचा अख्खा तुकडा वाहून जातो. याला म्हणतात खांड जाणं. खारं पाणी एकदा शेतात बसलं की ते धुऊन काढण्यात पुढचे काही पावसाळे जातात. म्हणून पूर्वी जोळ असायची. बांधाआड ज्याची ज्याची जमीन, त्याच्या घरचा माणूस चिखलात उतरायचा. भाऊबंदकीचे खटले चालू असले तरी खांडीवर दोघं शेजारी उभे. १९४८ च्या खारभूमी कायद्यानंतर सरकार बांधांच्या कामात उतरलं, योजना आल्या, खातं आलं, आणि जोळ हळूहळू सुटली. आता खांड गेली की अर्ज जातो. समुद्र मात्र निविदा निघेपर्यंत थांबत नाही, आणि मला विचाराल तर खारेपाटाचं सगळ्यात मोठं नुकसान खाऱ्या पाण्यानं नाही, या वाट बघण्यानं केलं.

आंघोळीचा शौक म्हणाल तर राजेशाही. जूनचा पहिला पाऊस सगळा अंगातलं मीठ काढण्यात जातो. मीठ उतरल्याशिवाय हा बी अंगाला लावून घेत नाही. मग मोड आणलेलं भात चिखलात फेकायचं, त्याला रहू म्हणतात. राता नावाचा तांबडा तांदूळ याचा जुना लाडका. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानंही याच्या खारट जिभेला झेपतील असे वाण काढून दिले. पण दाणा भरायच्या दिवसांत पावसानं पाठ फिरवली की खालचं मीठ वर येतं आणि लोंबीत पळंज उरते. कापणी झाली की जमीन भेगाळते, वर पांढरी पापडी धरते, आणि स्वारी पुढच्या जूनपर्यंत आडवी. बहुतेक जागी वर्षाला एकच पीक. शेजारच्या, अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळे गावांच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, माळा गळ्यात घालून मिरवतात तसा तो वेण्या घालून रस्त्याकडेला लटकतो. त्याचं नाव काढलं की खारेपाट विषय बदलतो.

विषय बदलतो तो जिताड्यावर. गावच्या तळ्यात वाढवलेला हा मासा म्हणजे खारेपाटाचं सोनं, जावयासाठी राखलेलं. आणि साहेबासाठीही. कचेरीत अडलेली किती कामं जिताड्याच्या तुकडीवर मार्गी लागली याच्या कहाण्या इथं चवीनं सांगतात. कहाणीतला साहेब कायम बदली होऊन गेलेला असतो.

पण कमरेत वाकणारा म्हणून याला कुणी गृहीत धरू नये. खोतांनी धरला होता. चिखल कुळांनी तुडवायचा, बांध कुळांनी राखायचा आणि भाताच्या राशी खोताच्या कोठारात, वर नाना तऱ्हेचे आबवाब. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात सभा भरली आणि नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी ठरवलं: कसायचंच नाही. संप सहा वर्षं चालला. लोकांनी लाकडं फोडली, करवंदं विकली, उपास काढले. नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. त्याच वर्षी संपाची बाजू मांडायला ‘कृषीवल’ निघालं. १९३९ च्या कूळकायद्यानं कुळाला कूळ म्हणून कागदावर जागा मिळाली. खोताकडे सनद होती, शिक्के होते. चिखलात उतरणारे हात तेवढे नव्हते.

तोच हट्ट पुढं २१ सप्टेंबर २००८ ला दिसला. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी द्यायच्या की नाही, यावर पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली २२ गावं रांग लावून मत द्यायला उभी राहिली.

धरणाचं नाव निघालंच आहे तर एक दुखरी गोष्ट. चहूकडे पाणी, आणि प्यायला टँकर. खारेपाटात मुलगी द्यायची तर आधी नळ बघायचा, मग मुलगा, असं म्हणतात. उन्हाळ्यात इथल्या बायका हंड्यांच्या रांगेत जे बोलतात ते शब्दचित्रात येत नाही.

अलीकडे आणखी एक गंमत झालीय. खांड बुजली नाही, पाणी शेतात राहिलं, आणि तिथं तिवरं उगवली. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि ते बरंच आहे. तिवर नसेल तर बांधावर पहिला मार समुद्राचा. पण सातबाऱ्यावर भात आणि जमिनीवर जंगल, असा हा माणूस तलाठ्यापुढं उभा राहतो तेव्हा त्याला नक्की कुठल्या रकान्यात बसवायचं हे तलाठ्यालाही कळत नाही.

ओळख करून घ्यायचीच असेल तर आषाढात, उधाणाच्या दिवशी जा. बांधावरून चाला, पाय घसरेल, घसरू द्या. कुणीतरी घरी नेईल, वाफाळता तांबडा भात आणि नशीब असेल तर जिताड्याची तुकडी वाढेल. पोटभर जेवा, दुसऱ्यांदा वाढून घ्या. फक्त हात धुताना गुंठ्याचा भाव विचारू नका.