सळई किती ताणते?

पाटणला चुलतभावाचं घर बांधायला काढलं, तेव्हा स्टील लॅबमध्ये तपासून घ्यायचा आग्रह माझा होता. "अरे, माल ब्रँडचा आहे, सर्टिफिकेटही दिलंय," दादा म्हणाला. पण कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७चा, आमच्या घरात अजून काल झाल्यासारखा बोलला जातो. तो विषय काढल्यावर दादाने वाद घातला नाही. दोन दुकानांतून माल आला होता, दोन्हींवर ५००डी या ग्रेडचा शिक्का. दोन्हींतल्या बारा एमएमच्या सळयांचे तुकडे हॅक्सॉने कापून घेतले आणि कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब गाठली. गॅसकटरने कापले तर टोकाला आच लागते आणि लोखंडाचा स्वभाव बदलतो.

लॅबमधल्या मामांनी आधी तुकडे तोलले. बारा एमएमची सळई मीटरला ८८८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. मग पंचने बरोबर ६० मिलिमीटरवर दोन ठिपके मारले, म्हणजे व्यासाच्या पाचपट. तुकडा यूटीएमच्या, म्हणजे ओढून तपासणाऱ्या मशीनच्या, जबड्यात बसला आणि मशीन घरघरू लागलं. काटा भराभर चढत होता, सळईत मात्र डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. दिसणार तरी कसं? चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन इतका स्ट्रेस दिला तरी मीटरभर सळई जेमतेम अडीच मिलिमीटर लांबते. माझ्या विनंतीवरून मामांनी मध्येच भार उतरवला. ठिपके पुन्हा ६०वर. रॉबर्ट हुकने १६७८ साली छापलेला नियम हाच: जेवढा जोर, तेवढा ताण. जोर काढला की पदार्थ पहिल्यासारखा.

पुन्हा भार चढवला. ६० किलोन्यूटनला, म्हणजे सहा टनांच्या थोडं वर, काटा थबकला आणि सळईवरची काळपट खपली टपटप झडायला लागली. आतलं लोखंड लांबत होतं, वरची खपली त्याच्याबरोबर लांबू शकत नव्हती. हा यील्ड. इथून पुढे भार काढला तरी सळई मूळ लांबीवर येत नाही. काटा ७१पर्यंत गेला. कमाल आकडा धरून ठेवणारा लाल काटा तिथेच राहिला आणि चालता काळा काटा मागे फिरू लागला, कारण सळईला एका जागी कंबर पडली होती. ती बारीक होत गेली आणि धाडकन आवाज झाला. तुटलेलं टोक हाताला चांगलं गरम लागलं. ओढण्यात गेलेली मेहनत उष्णता होऊन बाहेर पडली होती. दोन्ही तुकडे जुळवून मामांनी ठिपके मोजले: ७०.५. म्हणजे साडेसतरा टक्के लांबली.

दुसऱ्या दुकानाची सळई ६६ किलोन्यूटनपर्यंत हललीच नाही. "बघ, ही जास्त तगडी!" दादा खूश. पण काटा कसाबसा ७०पर्यंत पोचला आणि लगेच ती तुटली. ठिपके ६६वर, म्हणजे फक्त दहा टक्के. आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे ५००डी सळई किमान १६ टक्के लांबली पाहिजे, आणि तिची तुटायच्या आधीची कमाल ताकद यील्डपेक्षा निदान दहा टक्के जास्त हवी. ही दोन्हीकडे नापास. खात्रीसाठी आणखी तुकडे ताणले, तेही तसेच निघाले.

"पण ताकद तर जास्तच आहे ना?" दादाचं पालुपद. हा प्रश्न मी शिकल्यासवरल्या साइट इंजिनिअरांकडूनही ऐकलाय, आणि माझ्या मते घरं बांधताना आपण सगळे चुकीचाच आकडा विचारतो. मोठ्या भूकंपात कॉलम-बीमची सळई यील्डच्या पलीकडे ओढली जाते, हे डिझाइनमध्ये गृहीतच असतं. तेव्हा कामी येतं ते लांबणं. सळई ताणत राहते, धक्क्याची ऊर्जा पचवते. भिंतीला भेगा पडतात, बीम वाकतो, पण माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. न ताणता तुटणारी सळई हा वेळ देत नाही.

अशी सळई, म्हणजे टीएमटी, तयार होताना लालभडक असताना पाण्याच्या फवाऱ्यातून जाते. साल कडक होते, गाभा मऊ राहतो. पाण्याचा मारा जास्त झाला तर कडक साल जाड होते; यील्ड वाढतं, ताण घटतो. आमच्या नापास सळईत तेच झालं होतं की पोलादातच खोट होती, हे छेद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

माल परत केला. "सळई कडक निघाली म्हणून परत करणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," दुकानदार कुरकुरला, पण बदलून दिला.

घर बांधत असाल तर टेस्ट सर्टिफिकेटवर 'इलाँगेशन' हा रकाना आधी शोधा. साध्या ५००ला किमान १२ टक्के लागतात, ५००डीला १६. आकडा कमी असेल किंवा रकाना कोरा असेल, तर सळया ट्रकमधून उतरवूनच घेऊ नका.