उजव्या हाताची खुर्ची

विमानाच्या पुढल्या टोकाला दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे त्याचा सहवैमानिक. दोघांपुढे यंत्रे जवळजवळ सारखीच. कॅप्टनला भोवळ आली तर उजवीकडच्याने विमान सुखरूप खाली आणावे एवढी विद्या त्याच्यापाशी असते. तरी जगाला नाव आठवते ते डावीकडच्याचे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्या चिमुकल्या विमानात टपालाच्या थैल्या आणि ते, एवढेच होते. पुढे विमाने वेगवान झाली, मोठी झाली, आणि दुसऱ्या खुर्चीवाचून भागेना.

ज्याने उभ्या जन्मात तीनदाच विमानात पाय ठेवला त्या माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराने या खुर्चीची चिंता का वाहावी, असे वाचक विचारील. माझा एक विद्यार्थी सध्या तीवर बसतो, हे त्याचे कारण. अलिबागेजवळच्या एका कोळीवाड्यातला हा मुलगा. त्याच्या ओटीवरून रात्री खांदेरीचा दिवा दिसतो. बाप दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल. चौथीत असताना याने निबंधाच्या वहीत 'मी कोण होणार' या विषयाखाली एकच ओळ लिहिली होती, 'वैमानिक', आणि बाकीचे पान कोरे सोडले होते. मी त्याला दहापैकी दोन गुण दिले. अजूनही तेवढेच देईन. निबंध तो निबंध.

आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यासाठी अर्ध्या कोटीच्या आसपास खर्च येतो, आणि विशिष्ट जातीच्या विमानाचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते, त्याचे पैसेही वेगळे. या मुलाच्या आईने पाटल्या मोडल्या, वाडीतला वाटा गेला, उरलेले बँकेने दिले. परवाना हातात आला आणि पठ्ठ्या दीड वर्ष घरी बसला. मोठ्या कंपन्यांच्या दारी याच्यासारखे शेकडो उभे. उलव्याला आमच्याच जिल्ह्यात केवढा विमानतळ झाला, २५ डिसेंबर २०२५ रोजी तिथून पहिली प्रवासी विमाने उडाली, तेव्हा कोळीवाडा खाडीकडे तोंड करून म्हणाला, "आता तुझं काम झालं!" काम तसे होत नसते.

शेवटी त्याला जागा मिळाली ती एका धनिकाच्या लहानशा जेटवर. मागे सात आसने. गावात लगेच बोलले गेले, "एवढा पैका घालून शेटजीचा ड्रायव्हर झाला." मला मात्र ती नोकरी ऐकता ऐकता फार आवडू लागली. पाच वाजता निघायचे असेल तर हा तीन वाजता हजर. विमानाच्या अंगावरच्या वाऱ्याच्या नळ्यांची टोपणे काढायची, तेल बघायचे, इंधन किती घ्यायचे ते मांडायचे, हवामानाचा कागद वाचायचा, माणसे आणि सामान यांच्या वजनाचा हिशेब करायचा, बॅगा स्वतः उचलून ठेवायच्या, शेटजींच्या चहाचा थर्मास विसरायचा नाही, शेवटी दार आपल्या हाताने लावायचे आणि मग मान खाली घालून उजवीकडे सरकायचे. मोठ्या कंपनीत यातल्या प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. तिथला मुलगा वर्षाला आठ-नऊशे तास उडतो. याचे महिन्याला कधी पंधरा तास भरतात, कधी आठ. कॅप्टन होण्याच्या परवान्याला पंधराशे तास हवेत. हा गणितात पक्का असल्यामुळे ते वर्षांत किती होतात हे त्याला विचारावे लागत नाही.

तास थोडे असले तरी प्रत्येक निराळा. आज शिर्डी, उद्या नांदेड, परवा कुठलीशी आखूड धावपट्टी, जिथे वाटाड्या यंत्रणा नाही आणि वाऱ्याची दिशा कापडी मोज्याकडे बघून ठरवायची. हे ऐकताना मला त्याच्या बापाची बोट आठवे. खलाशी जाळे ओढतो, बर्फ फोडतो, भात शिजवतो, आणि या साऱ्यात एक डोळा पाण्यावर ठेवतो. तांडेल कसा होतो हे कुणी त्याला फळ्यावर लिहून देत नाही.

पण बोटीत आणि या विमानात एक मोठा भेद आहे. बोटीचा मालक, म्हणजे नाखवा, पुष्कळदा बंदरावर असतो. इथे नाखवा चार हातांवर मागे बसलेला, मध्ये फार तर एक पडदा. त्याला अकराच्या बैठकीला पोचायचे आहे. तो काही बोलत नाही. नुसते मनगटावरचे घड्याळ बघतो. ते घड्याळ पुढच्या दोघांनाही दिसते.

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. त्यातल्या डच विमानाचा कॅप्टन म्हणजे कंपनीतला गुरूंचा गुरू. उड्डाणाची अनुमती मिळालेली नाही, हे सहवैमानिकाने त्याला एकदा सांगितले होते. कॅप्टनने पुन्हा वेग घेतला तेव्हा तो दुसऱ्यांदा बोलला नाही. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले ना, अशी शंका मागच्या इंजिनियरने काढली. कॅप्टनने ती ठासून उडवली. त्यानंतर जगभर वैमानिकांना एक नवा धडा शिकवू लागले: धाकट्याने बोलायचे आणि थोरल्याने ऐकायचे. आमच्या शाळेत हा धडा नाही. आम्ही मुलांना नेमके उलटे शिकवतो, आणि वर त्याला संस्कार म्हणतो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका लहान विमानतळावर हे उतरत होते. पाऊस नुकताच येऊन गेलेला, धावपट्टी ओली, ढग खाली. विमान कॅप्टनच्या हातात होते. कॅप्टन पन्नाशी उलटलेले, पूर्वी लष्करात काढलेले, हा त्यांना वडिलांसारखे मानतो. हजार फुटांवर वेग ठरलेल्यापेक्षा पंधरा नॉट जास्त होता. हा म्हणाला, "स्पीड." कॅप्टन म्हणाले, "हं." पाचशे फुटांवरही काटा फारसा हललेला नव्हता. पाठीमागे शेटजी फोन चाळत होते.

"गुरुजी," तो मला सांगत होता, "जीभ टाळूला चिकटली होती. मला हप्ता आठवला. खरंच, दुसरं काही नाही, बँकेचा हप्ता."

"मग?"

"मग म्हटलं, गो अराउंड."

म्हणजे उतरू नका, वर चला. कॅप्टनने क्षणभर काहीच केले नाही. मग इंजिनांचा आवाज चढला आणि विमान नाक वर करून ढगात शिरले. दुसऱ्या खेपेला पाऊस पुन्हा सुरू झाला, तेव्हा ते औरंगाबादेकडे वळले. बैठक बुडाली. खाली उतरल्यावर शेटजींनी कॅप्टनला विचारले, "काय झालं होतं?" कॅप्टन म्हणाले, "माझा निर्णय होता." याच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. याने बॅगा उतरवल्या.

त्यानंतर अकरा दिवस फोन नाही. तो घरी आला. मी गेलो तेव्हा बापाबरोबर अंगणात जाळे सांधत बसला होता. आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तरी सांगा याला. मोठ्या मानसासमोर गप बसायचं असतं ना?" मी काय सांगणार! २०० तासांचे पैसे तिने दिले होते, मी नव्हे. माझ्या तोंडी आले असते ते तिच्यासमोर बोलायचा मला अधिकार नव्हता.

बाप जाळ्यावरची मान न उचलता बोलला. त्याच्या आजीची बहीण 'रामदास'वर होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती आगबोट वाटेत बुडाली, सहाशेंवर माणसे गेली. या किनाऱ्यावर अशी घरे पुष्कळ, जिथे ती तारीख अजून कुणाच्या तरी तोंडी असते. "तवा खलाशी व्हते की त्या बोटीवर," तो म्हणाला. "कोन बोल्लं, कोन नाय, कुनाला ठावं." आणि दोरा दाताने तोडला. आई चहा घेऊन आली. पुढे त्या विषयावर कुणी बोलले नाही.

बाराव्या दिवशी रात्री कॅप्टनचाच फोन आला. उद्या सकाळी सहाला कोल्हापूर. श्रावणातल्या त्या दिवसाविषयी चकार शब्द नाही, फक्त शेवटी म्हणाले, "त्या दिवशी दोनदा बोलावं लागलं तुला. यापुढे मी पहिल्यांदाच ऐकेन." मुलगा रात्रीच निघाला. शेवटची लाँच केव्हाच गेली होती, म्हणून पेण-पनवेलवरून एस.टी.ने.

जाताना त्याने मला उड्डाणांची वही दाखवली. दर उड्डाणाची एक ओळ: तारीख, विमान, कुठून, कुठे, किती वेळ. त्या दिवशीची ओळ मी शोधून काढली. २ तास ५ मिनिटे. उतरायच्या जागी औरंगाबाद लिहिले होते. बाकी काही नाही. तशी नोंद करायला वहीत रकाना नसतो.